डब्यातले खोटे दागिने

नवरात्र संपले की आमच्या बडोद्यात दोन गोष्टी हमखास मागे उरतात. एक म्हणजे नऊ रात्री गरब्यात फिरलेल्या पायांचे दुखणे, आणि दुसरी म्हणजे खोट्या दागिन्यांचा ढीग. काळपट चांदीच्या रंगाचे झुमके, घुंगरांचे बाजूबंद, आरशांचे कमरपट्टे, कवड्यांच्या माळा यांसाठी मंगळबाजारात जी झुंबड उडते ती दसऱ्याला एकदम ओसरते. पुढल्या वर्षी रीत पालटते आणि गेल्या वर्षीचा साज मुलींच्या मनातून उतरतो. तो टाकवत नाही आणि घालवतही नाही. मग कपाटाच्या तळच्या कप्प्यात, प्लास्टिकच्या पिशवीत, एकमेकांत अडकलेल्या साखळ्यांचा एक गुंता वर्षानुवर्षे वाढत राहतो.

यंदा दसऱ्यानंतर आमच्या शाळेच्या चित्रकलेच्या बहेन माझ्या खोलीत आल्या. आठवीच्या मुलींनी घरातले असे मोडके दागिने आणावेत आणि त्यांतून प्रवेशद्वाराशेजारच्या भिंतीसाठी एक चित्र करावे, अशी त्यांची सूचना होती. मी मुख्याध्यापकाला शोभेल अशी शंका काढली की, शाळेत दागिने घालून येऊ नये हा नियम आपणच केला आहे. त्यावर बहेन म्हणाल्या, "साहेब, हे दागिने कुठे आहेत? हे तर भंगार." मी संमती दिली आणि चार दिवसांत तीन खोकी भरली.

विषय मुलींनीच निवडला. ज्या गावाच्या नावातच वड आहे, त्या गावच्या शाळेत वडाचेच झाड हवे, असे त्यांचे म्हणणे पडले. बांगड्यांच्या तुकड्यांचे खोड झाले, हिरव्या खड्यांची पाने झाली आणि तुटक्या साखळ्यांच्या पारंब्या झाल्या. आपापली साखळी कोणत्या फांदीवरून लोंबते आहे, हे प्रत्येकीला ठाऊक आहे. ते चित्र आता भिंतीवर आहे आणि मधल्या सुट्टीत तिथे घोळका असतो.

या खटाटोपात एक गोष्ट घडली, ती सांगण्याजोगी आहे. ढीग निवडताना एका मुलीला एक जोडवे इतरांपेक्षा जड लागले. बहेनींनी ते सराफाला दाखवले, तेव्हा ते अस्सल चांदीचे निघाले. ज्या मुलीच्या पिशवीतून ते आले होते, तिची आई दोन वर्षे ते जोडवे शोधत होती. तेव्हा वाचकांना पहिली सूचना हीच की, असा डबा मोडायला घेण्यापूर्वी त्यातील वस्तू एकदा जाणत्या नजरेखालून घालाव्यात.

भिंत मण्यांनी आणि काचेने सजवणे ही कल्पना आपल्याकडे मुळीच नवी नाही. आपल्या मराठी घरांत रुखवतासाठी काचेच्या नळ्यांचे पोपट, हंस आणि दमयंती, 'सुस्वागतम्' अशी अक्षरे करून ती चौकटीत बसवण्याची रीत होती. आजही जुन्या वाड्यांतून अशी एखादी चौकट दिसते. सौराष्ट्रात मोतीभरताची तोरणे आणि चौकोनी चाकळे घराच्या भिंतींवर लावतात. नावात मोती असले तरी ते सारे काचेचे मणीच असतात. तंजावरास मराठी राजांच्या आश्रयाने जी चित्रशैली बहरली, तिच्यातही सोन्याच्या वर्खाशेजारी काचेचे तुकडे निःसंकोच जडवलेले असतात.

आणि बडोदेकरांनी तर दूर जायला नको. खंडेराव महाराज गायकवाड यांनी १८६५ च्या सुमारास करवून घेतलेला मोत्यांचा गालिचा जगप्रसिद्ध आहे. त्यावर लक्षावधी बारीक बसरा मोती ओवलेले असून हिरे आणि माणकेही जडवलेली आहेत. मार्च २००९ मध्ये दोहा येथील लिलावात त्याला सुमारे ५५ लाख डॉलर इतकी किंमत आली. त्या गालिच्याविषयी एक तपशील मात्र सहसा कोणी सांगत नाही. त्यातील वेलबुट्टीचे रंग भरण्यासाठी खऱ्या मोत्यांच्या बरोबरीने रंगीत काचेचे मणीही वापरलेले आहेत. ज्याच्या खजिन्याला काही कमी नव्हते त्या राजाच्या कारागिरालाही काच वर्ज्य वाटली नाही.

आता प्रत्यक्ष कृतीकडे वळू. प्रथम सर्व वस्तू जुन्या चादरीवर पसराव्यात आणि धातू, खडे, मणी, साखळ्या असे वेगळे गट करावेत. नंतर स्वच्छता. इथे आपल्या गृहिणी हमखास चुकतात. पितळ दिसले की हात चिंचेकडे किंवा लिंबाकडे जातो. भांड्यांना ते ठीक, पण मुलाम्याचा थर केसाहूनही पातळ असतो आणि आंबट लागले की उरलासुरला मुलामाही निघून जातो. साध्या धातूला कोमट पाण्यात थोडा साबण घालून दात घासण्याचा मऊ ब्रश फिरवावा आणि लगेच कोरडे करावे. खड्यांचे दागिने पाण्यात बुडवूच नयेत. स्वस्त खड्याची चमक त्याच्या पाठीला लावलेल्या चकचकीत वर्खाची असते, आणि आत पाणी शिरले की तो वर्ख काळा पडून खडा आंधळा होतो. तिथे ओलसर फडके पुरे. सांध्यांत जे हिरवे साचलेले दिसते, तो तांब्याचा कळंक. तो कोरड्या ब्रशने अंगणात झाडावा आणि नंतर हात धुवावेत.

पाठीसाठी जाड हार्डबोर्ड किंवा पातळ प्लायवुड घ्यावे. त्यावर गडद रंगाची मखमल किंवा खादी ताणून मागच्या बाजूस पक्की करावी. फिकट कापडावर फिकट धातू हरवून जातो. चित्राची रूपरेषा खडूने काढावी आणि सर्व वस्तू नुसत्या मांडून पाहाव्यात. ही मांडणी दोन दिवस तशीच राहू द्यावी. जाता येता नजर पडते, कुठे दाटी झाली, कुठे ओके वाटते, ते आपोआप कळते. हल्ली सर्वांजवळ मोबाइल असतो. मांडणी मनासारखी झाली की वरून एक छायाचित्र घ्यावे, म्हणजे हलवाहलवीत क्रम विसरत नाही.

चिकटवण्याविषयी दोन शब्द. लाकूडकामाचा पांढरा गोंद कापडाला आणि लाकडाला चांगला, पण गुळगुळीत धातू आणि काच तो फार काळ धरून ठेवीत नाही. एखाद्या उन्हाळ्यात मध्यरात्री टप्प असा आवाज येतो आणि सकाळी जमिनीवर खडा सापडतो. दोन नळ्यांतला पदार्थ समप्रमाणात कालवून लावायचा जो गोंद मिळतो, तो धातूला योग्य. तो लावताना खिडक्या उघड्या ठेवाव्यात आणि पुरता एक दिवस वस्तूला हात लावू नये. पण ज्या वस्तूविषयी मनात थोडीही माया आहे, ती चिकटवू नये. फळीला बारीक भोके पाडून, नायलॉनच्या दोऱ्याने किंवा तलम तारेने ती मागून बांधून टाकावी. गोंद लावलेली वस्तू पुन्हा जशीच्या तशी निघत नाही. दोरा कापता येतो.

सुताराला चौकट सांगताना काच आणि पाठ यांच्यामध्ये एक ते दीड इंच अंतर राहील अशी पट्टी घालावयास सांगावे, नाहीतर काच दागिन्यांवर टेकते. ही चौकट वजनदार होते, म्हणून एका खिळ्यावर न टांगता दोन आकडे लावावेत. पावसाळ्यात ओल येणारी भिंत टाळावी आणि चौकटीच्या खालच्या दोन्ही कोपऱ्यांना मागून बुचाचे तुकडे लावून भिंतीपासून थोडी फट ठेवावी. ओल लागली की पितळ कळकते आणि मखमलीवर डाग उतरतात.

इथवर लिहून हा लेख संपवता आला असता. पण हे सारे शाळेत पाहून मी घरी आलो आणि दिवाळीच्या साफसफाईत माळ्यावरून एक पत्र्याचा डबा खाली काढला. पुढचे त्या डब्याविषयी आहे.

डबा बिस्किटांचा, त्यावरचे चित्र पुसून गेलेले. माझी आई २०२३ मध्ये गेली. तिचे मंगळसूत्र माझ्या पत्नीकडे आले, सोन्याच्या बांगड्या आणि कुड्या ताईकडे गेल्या. वाटणी पंधरा मिनिटांत आटोपली, कारण वाटण्याजोगे तेवढेच होते. हा डबा मात्र कोणी मागितला नाही. त्यात खोटी नथ, खड्यांच्या खोट्या कुड्या, गिलिटाची ठुशी, एक बोरमाळ, पोत उसवलेला खोटा तन्मणी आणि चार पाटल्या होत्या. पाटल्यांचा मुलामा कडांवरून पार गेला होता आणि खालचे पितळ काळवंडले होते.

आईच्या पिढीला गिलिटाचे वावडे नव्हते. तिचे लग्न १९६४ मधले. जानेवारी १९६३ मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले आणि चौदा कॅरटहून अधिक शुद्धतेचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. पुढे १९६८ मध्ये त्याचा कायदा झाला आणि तो १९९० मध्ये रद्द होईपर्यंत सोन्याच्या बाबतीत सर्वांनाच जपून वागावे लागले. आपल्या लग्नात खोट्याची तूट भरून काढलेली होती, असे आई हसत सांगे. पण पाटल्या तशा नव्हत्या. त्या जुन्या, घरातल्या, आजीच्या सासूबाईंच्या होत्या आणि लग्नात आजीने स्वतःच्या हातातल्या काढून आईच्या हातात चढवल्या होत्या.

आणि इथे मला माझी एक जुनी गोष्ट सांगावी लागेल. १९८६ मधली. मी बारावीत होतो. नात्यातल्या एका मुंजीत पंगतीला वाढताना आईच्या हाताकडे पाहून कोणी एक बाई हळूच दुसरीला काही म्हणाली आणि दोघी हसल्या. मी तिकडे पाहिले. पाटल्यांच्या कडेला पितळ दिसत होते. ते मी तोपर्यंत कधी पाहिले नव्हते. घरी आल्यावर मी आईला म्हणालो, "खोटं घालून मिरवण्यापेक्षा मोकळे हात बरे." ती काही बोलली नाही. त्यानंतर कोणत्याही समारंभात तिने काचेच्या बांगड्यांखेरीज हातात काही घातले नाही. खऱ्या पाटल्या कपाटात जपून ठेवल्या असतील आणि पुढे ताईच्या लग्नात तिला दिल्या असतील, असे मी धरून चाललो. सदतीस वर्षे तसेच धरून चाललो.

माझ्या मुलीने डब्यातले दागिने पाहिले आणि शाळेतल्या वडासारखे काही करू या, असा हट्ट धरला. मोडायचे म्हणजे ताईला विचारायला हवे, म्हणून मी इंदूरला फोन लावला.

ताईने सर्व ऐकून घेतले आणि विचारले, "पाटल्या आहेत का रे त्यात? चार?"

"आहेत. पितळ उघडं पडलंय."

"त्या मोडू नकोस."

मी कारण विचारले. क्षणभर ती गप्प राहिली. मग म्हणाली, "तुला ठाऊक नाही? मला वाटलं, आईनं कधीतरी सांगितलं असेल."

१९८४ मध्ये वडिलांची गिरणी बंद पडली, हे मला ठाऊक होते. त्या दिवाळीनंतर आईने ताईला बरोबर घेऊन सराफाकडे चारही पाटल्या मोडल्या, हे ठाऊक नव्हते. तेव्हा सोन्याचा भाव दहा ग्रॅमला दोन हजार रुपयांच्या आसपास होता. पैसे पदरात बांधून दोघी तिथून निघाल्या त्या थेट दुसऱ्या गल्लीत गेल्या आणि तशाच घडणीच्या खोट्या पाटल्या शोधून काढल्या. संध्याकाळी आजीला चहा देताना आईच्या हातात पाटल्या होत्या.

"आजीला कळलं असतं तर तिनं हाय खाल्ली असती," ताई म्हणाली. "आणि तुझी दहावी होती. बाबांनाही आईनं मार्चमध्ये सांगितलं, तुझा शेवटचा पेपर झाल्यावर. त्या पैशावर दहा महिने घर चाललं, बाबांना दुसरी नोकरी लागेपर्यंत."

मला काही सुचेना. मी मुंजीच्या दिवसाची आठवण काढली. ताई म्हणाली, "मी तिथंच होते की. रात्री मी तुझ्यावर चिडले होते. तर आई म्हणाली, त्याचं काही चुकलं नाही, खोटं ते खोटंच. मास्तर होईल बघ तो."

मी मास्तर झालो. खरे बोलावे, हे मी आजवर किती फळ्यांवर लिहिले असेल याची गणती नाही. त्या दिवशी फोन ठेवल्यावर मी बराच वेळ त्या चार पाटल्या ओळीने मांडून बसलो होतो. आजी १९९१ मध्ये गेली. त्यानंतर हे झाकून ठेवण्याचे काही कारण नव्हते. आईने तरीही मला सांगितले नाही. सांगितले असते तर माझेच बोलणे मला टोचले असते, हे तिला कळत होते, याखेरीज दुसरे कारण मला सापडत नाही.

फोन ठेवण्यापूर्वी ताईने एक प्रश्न विचारला होता. "तिनं जन्मभर झाकलेलं तू भिंतीवर टांगणार का?" याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. पाटल्या बाजूला ठेवून बाकीचे करा, असे मी मुलीला सांगितले आणि तो विषय माझ्यापुरता बंद केला.

दोन दिवसांनी मुलीने हाक मारली. तिने काळी मखमल ताणून तीवर दागिने मांडले होते. झाड नाही, मोर नाही, काहीच चित्र नाही. वर मधोमध नथ, तिच्या दोन बाजूंना कुड्या, खाली ठुशी, तिच्याखाली तन्मणी आणि बोरमाळ. मोडलेले काहीच नव्हते. प्रत्येक दागिना जिथे घालतात तिथे ठेवला होता, इतकेच. मुलगी म्हणाली, "बाबा, मी काही ठरवलं नव्हतं. पण हात मोकळे दिसतात ना?"

यंदा भाऊबीजेला ताईच बडोद्याला आली. मांडणी अजून बांधायची होती. ती पलंगावर बसून बराच वेळ पाहत राहिली. मग तिनेच पाटल्या मागितल्या. एकेक पाटली तिने मांडणीच्या खालच्या अंगाला, दोन हात असावेत अशा बेताने, डावीउजवीकडे ठेवली. उरलेल्या दोन तिने स्वतःच्या हातात, आईच्याच सोन्याच्या बांगड्यांपुढे घातल्या. मी म्हणालो, "ताई, सोन्याशेजारी पितळ दिसतं." ती म्हणाली, "दिसू दे." त्याच हातांनी तिने मला ओवाळले आणि तशीच ती इंदूरला गेली. हे सारे लिहायलाही तिची संमती घेतली आहे.

चौकट आता आमच्या बाहेरच्या खोलीत आहे. येणारे जाणारे विचारतात, तेव्हा हे आईचे दागिने, असे आम्ही सांगतो. खरे का, असे कोणी विचारले तर खोटे आहेत, असेही सांगतो. त्यातली एकही वस्तू चिकटवलेली नाही, सर्व मागून दोऱ्याने बांधलेल्या आहेत. नातवंडांपैकी कोणाला पुढे त्यातले काही हवेसे वाटले, तर सोडवून घेता येईल.

वाचक भगिनींच्या घरीही असा एखादा डबा असेलच. त्यातून चौकट जरूर करा, कृती वर दिलीच आहे. मोडण्यापूर्वी वस्तू सराफाला दाखवा, असेही वर म्हटले आहे. पण सराफाकडे जाण्याच्या आधी घरातल्या वडीलधाऱ्या बाईला जवळ बसवून एकेक वस्तू तिच्या हातात द्या आणि ही केव्हा घेतली, कशासाठी घेतली, ते विचारा. आमच्याकडे ते विचारायचे राहून गेले.